मामाचा माल, भाच्याचं लायसन्स

पत्राचा सारांश: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका ट्रकचालकाचं हे पत्र आहे. वय ४१. पूर्वी खाणीवर स्वतःचा टिपर चालवायचे. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, बँकेचे हप्ते थकले आणि गाडी गेली. तेव्हा मामांनी बोलावून आपल्या दहा चाकी ट्रकवर बसवलं. तेव्हापासून ते जाताना कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) नेतात, येताना साखर आणतात. गाडी बहुतेक वेळा ओव्हरलोड असते. निघताना मामा डिझेलच्या पैशांसोबत ‘नाक्याचे’ म्हणून वेगळे पैसे देतात. गेल्या महिन्यात एका नाक्यावर नव्या साहेबांनी पैसे न घेता गाडी वजनकाट्यावर नेली. पासिंग २८ टनांचं, वजन भरलं ३३ टन. ३० हजारांचा तालांव (दंडाचं चलन) झाला, जादा माल उतरवण्यात दीड दिवस गेला. वर लायसन्स निलंबित का करू नये, अशी नोटीस घरी आली असून सुनावणी दोन आठवड्यांवर आहे. मामांनी दंड भरला, पण आता पगारातून दरमहा दोन हजार कापतात. म्हणतात, “तुला नाका सांभाळता आला नाही.” चालक विचारतात: मामांना नाही कसं म्हणू? रात्री आतल्या रस्त्याने नाका चुकवला तर? आणि सगळेच साहेब खाणारे असताना प्रामाणिक राहून लाईनची (लांब पल्ल्याची) गाडी चालवता येते का? (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, “चूक माझीच असणार, इतकी वर्षं असं कधी झालं नव्हतं.” हे वाचून जीव कळवळला.

गाडीत पाच टन जादा माल भरायला कोणी सांगितलं? त्या पाच टनांचं भाडं कोणाच्या खात्यात गेलं? आणि नाक्यावर हात दाखवला की दार उघडून खाली कोण उतरतं, काट्यावर कोण उभं राहतं, नोटीस कोणाच्या नावाने येते? मामा म्हणतात तुम्हाला नाका सांभाळता आला नाही. मला दिसतं ते असं, की इतकी वर्षं तुम्ही मामांचा जादा माल सांभाळत होतात आणि त्यासाठी तुमचं लायसन्स गहाण पडलेलं होतं. गेल्या महिन्यात कोणीतरी ते गहाणखत उघडून बघितलं, एवढंच झालं.

मामा वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. अडचणीत ज्याने हात दिला त्याच्याबद्दल मनात जे असतं, ते तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे आणि ते खरं आहे. पण उपकाराची फेड कशाने करायची हे तुम्ही ठरवायचं असतं. पहाटे चारला उठून गाडी काढणं, चवथीच्या आदल्या दिवशीही खेप पुरी करून येणं, दुसऱ्याची गाडी स्वतःची असल्यासारखी जपणं, ही फेड तुम्ही करतच आला आहात. लायसन्स त्या हिशोबात येत नाही. ते तुमच्या दोन मुलांच्या तोंडचा घास आहे.

आता तुमच्या एका समजुतीबद्दल बोलते. सगळेच साहेब खाणारे, असं तुम्ही लिहिता. पण ज्या साहेबांनी तुम्हाला पकडलं त्यांनी पैसे घेतलेच नाहीत, हेही तुमच्याच पत्रात आहे. त्यांनी कायद्यात आहे तसं केलं. मोटार वाहन कायद्याच्या ११४व्या कलमानुसार जादा वजनाचा संशय आला, तर पुढच्या रस्त्यावर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत जो काटा असेल तिथे गाडी न्यायला सांगता येते. वजन जास्त भरलं तर १९४व्या कलमाखाली २० हजार, आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. तुमचे पाच टन, म्हणून ३० हजार. एक रुपया इकडचा तिकडे नाही. पुढे, जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. दीड दिवस अडकवून छळलं असं तुम्हाला वाटलं, पण दंड भरला की रस्ता मोकळा, असा नियम मुळात नाहीच.

त्या दीड दिवसाचा राग मला समजतो. उन्हातान्हात पिग आयर्न हाताने उतरवायला लावणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. पण भाऊ, नकळत तुमच्या मनात असा हिशोब बसलाय, की पैसे घेऊन सोडतो तो साहेब बरा आणि काट्यावर नेतो तो खडूस. पैसे घेऊन सोडणाऱ्याने तुमचं काय भलं केलं? पाच टन जादा ओझं घेऊन तुम्हाला घाटात पाठवलं.

पिग आयर्न हा फसवा माल. हौद्यात बघितलं तर तळाला दोन-अडीच वीत दिसतो, वर सगळं रिकामं. नवख्याला वाटेल गाडी अर्धीच भरली आहे. पण मागच्या टायरांकडे बघा, पाट्यांकडे बघा. कमानीसारखे दिसायला हवेत ते पाटे सपाट झालेले असतात, टायर जमिनीपाशी फुगलेले. अनमोड घाट चढताना गाडी रडते, क्लच तापतो. साखर भरून परत येताना मात्र खरी परीक्षा. उतार लागला, पाऊस आहे, धुकं आहे, समोरच्या वळणावर बस वर येते आहे आणि केबिनमध्ये ब्रेकचा लायनर जळाल्याचा तो वास शिरतो. तुम्ही तो वास घेतला नसेल असं मी मानणार नाही. जादा टनाचं ओझं ब्रेकच्या ड्रमवर उष्णता होऊन उतरतं, आणि तापलेला ब्रेक पायाखाली असूनही नसल्यासारखा होतो. त्या क्षणी नाक्यावर दिलेली नोट कुठे कामाला येते?

अपघात झाला तर मामांना फोन जाईल. पंचनाम्यात नाव तुमचं येईल. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. विमा कंपनीही गाडी ओव्हरलोड होती हाच मुद्दा सगळ्यात आधी काढते.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. माझे वडील खाणीवर टिपर चालवायचे. आमचं घर रस्त्याला लागून. हंगामात दोरीवर कपडे वाळत घालायची सोय नसे, पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत विटकरी होई. आई पाण्याच्या कळशीवर दुहेरी फडकं बांधायची. एक खेप जास्त व्हावी म्हणून वडील जेवताना चपला काढत नसत. पुढे तपासणी असली की समोरून येणारा डिपर मारायचा (दिवे उघडझाप करायचा) आणि सगळी लाईन सावध व्हायची. याला आम्ही एकी म्हणायचो. एका दुपारी उतारावर त्यांच्या टिपरचा ब्रेक लागला नाही. त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून समोरची माणसं वाचली, पण त्यांचा उजवा हात कायमचा अधू झाला. ट्रीप शीटवर लिहिलेलं वजन हौद्यातल्या मालाशी जुळत नव्हतं. माल भरायला सांगणारा माणूस पंचनाम्याच्या वेळी कुठे दिसला नाही. केस वडिलांवर झाली. ती संपायला सहा वर्षं लागली. नाक्यावर कोणीतरी कठोर साहेब त्या दुपारी उभे असते तर, असं मला आजही वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही स्वतः भोगली आहे. खाणींच्या भरभराटीच्या काळात कागद, वजनं, परवाने या सगळ्याकडे आपण कटकट म्हणूनच बघत होतो. पुढे २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, आधी सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांच्या लीजचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. नियम मोडून ज्यांनी मोठं कमावलं ते कुठे बुडाले ते मला माहीत नाही, पण साखळी, पाळी, होंडा, सावर्डे इथल्या अंगणांत ताडपत्रीखाली गंजत उभे राहिलेले टिपर आपण सगळ्यांनी पाहिले. त्यातला एक तुमचा होता. वेळच्या वेळी चोख तपासणी झाली असती, तर प्रकरण एवढं चिघळलं नसतं आणि कदाचित तुमचा टिपर आज तुमच्या दारात असता. म्हणून नाक्यावरच्या माणसाला शत्रू समजू नका, असं मी तुम्हाला कळकळीने सांगते.

याचा अर्थ नाक्यावर वाईट माणसं नसतात असा नाही. असतात. कागद सगळे बरोबर असताना तासन्‌तास उभं करणारे, “बघ आता काय ते” म्हणणारे, क्लीनरला शिव्या देणारे. तुम्ही आजवर भोगलेला अपमान खोटा नाही. पण गाडी ओव्हरलोड असेल तर त्या माणसापुढे तुम्हाला तोंडच उघडता येत नाही. माल वजनात आणि कागद जागेवर असले तरच “साहेब, पावती द्या, भरतो” हे वाक्य तोंडातून निघतं. जो गाडी वजनात चालवतो त्याच्याकडून मागणाऱ्याला मागायला कारण सापडत नाही.

पैशांबद्दल एक गोष्ट बऱ्याच चालकांना माहीत नसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये बदल झाला. तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पैसे दिल्यानंतरची सूट एकच आहे: जबरदस्तीने द्यावी लागली आणि दिल्यापासून सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, तर. मामांनी पाकिटात घालून दिलेले पैसे जबरदस्तीत बसत नाहीत. ते देणारा हात तुमचा असतो. कागद नीट असताना कोणी मागितलेच, तर गोव्यात दक्षता खात्याची भ्रष्टाचारविरोधी शाखा आहे, पणजीला. पैसे देण्याआधी तिथे जाणं सगळ्यात बरं. तारीख, वेळ, ठिकाण, गणवेशावरची नावाची पट्टी, जे आठवेल ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. साहेबांच्या तोंडासमोर मोबाईल धरून भांडण मात्र करू नका. त्याने बरोबर असलेला माणूसही चुकीचा दिसू लागतो. काचेला लावायचा कॅमेरा मालकाने बसवून दिला तर उत्तम, तो गपचूप आपलं काम करतो.

रात्री आतल्या रस्त्याने जाण्याचं म्हणाल, तर तो विचार आजच सोडा. थांबायला किंवा वजन करू द्यायला नकार दिला तर दंड ४० हजार आहे, म्हणजे तुम्हाला आत्ता झाला त्याहून दहा हजार जास्त. शिवाय गावातले रस्ते अरुंद, पुलांची ताकद ठरलेली, कुंपणाला लागून घरं. ३३ टनांची गाडी घेऊन तुम्ही ज्या अंधारातून जाणार, तिथे कोणाचं तरी पोर सकाळी शाळेला निघणार असतं. तुम्हाला ही वाट मनापासून पटलेली नाही, म्हणूनच तुम्ही विचारलंत, असं मी समजते.

आता मामा. फोनवर बोलू नका, गाडीत माल भरलेला असताना तर मुळीच नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जा, चहा होऊ द्या, मामी समोर असल्या तर बरंच. तुमच्या आईला आधी सांगा, पण तिला मध्ये घालू नका. भावाची बाजू घेऊ की मुलाची, या पेचात म्हातारपणी तिला टाकणं बरं नव्हे. मात्र दुसऱ्याच्या तोंडून तिला कळता कामा नये. घरी वहिनींनाही सगळं सांगा. दोन हजार कमी का येतात, हे त्या कधीपासून स्वतःशीच जुळवत असतील.

बोलायला शब्द सुचत नसतील तर हे घ्या: “मामा, तुम्ही बोलावलं नसतं तर माझं घर उघड्यावर पडलं असतं. मी ते विसरलेलो नाही. पण माझं लायसन्स गेलं तर तुमची गाडीही दारात उभी राहील. पुढच्या खेपेपासून काट्याची पावती बघूनच मी गाडी काढीन. आणि नाक्याचे पैसे माझ्याकडे देऊ नका.” एवढंच. आवाज चढवू नका, जुने हिशोब काढू नका. ते म्हणतील, सगळेच असं करतात, भाडं परवडत नाही. तेव्हा त्यांच्याच वहीतलं टनामागचं भाडं घ्या, पाचने गुणा आणि त्याशेजारी ३० हजार, माल उतरवायची हमाली, दीड दिवस उभी राहिलेली गाडी, घासलेले टायर, मोडलेला पाटा आणि बदली चालकाचा तीन महिन्यांचा पगार लिहा. कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा. धंदा करणाऱ्या माणसाला आकडा जितका समजतो तितकं आपलं बोलणं समजत नाही.

पगारातल्या कपातीबद्दल मी स्पष्ट बोलते. ती मला मान्य नाही. १९४वं कलम गाडी चालवणाऱ्याइतकंच चालवायला लावणाऱ्याला लागू आहे. ११३व्या कलमात तर असं आहे, की चालक मालक नसेल तेव्हा जादा वजन मालकाला माहीत होतं किंवा त्याच्या सांगण्यावरून होतं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. हे मामांना धमकी म्हणून सुनावू नका, पण तुमच्या मनात पक्कं असू द्या, म्हणजे मान खाली घालून बोलावं लागणार नाही. लाईनवर गाडी चालवणाऱ्या सगळ्याच चालकांना मी सांगेन, नोकरी धरतानाच मालकाशी एक वाटणी ठरवून वहीत दोघांनी सह्या कराव्यात. वजन, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) यांचा तालांव मालकाने भरायचा. वेग, सीट बेल्ट, गाडी चालवताना मोबाईल, सिग्नल, दारू यांचा चालकाने. ही वाटणी एकदा झाली की मालक कागदांकडे बघायला लागतो आणि चालक स्पीडोमीटरकडे. तुमचाही हात स्वच्छ हवा. मागच्या वर्षी मोबाईलवर बोलताना झालेल्या तालांवाबद्दल तुम्ही लिहिलंय, तो तुम्हीच भरायला हवा होता, मामांनी नव्हे.

मामा ऐकणार नाहीत, अशीही शक्यता आहे. त्यासाठी आत्ताच मनाशी मुदत ठरवा. महिना, दोन महिने. त्या काळात गाडी वजनातच चालवायची, आणि त्यांनी पुन्हा जादा माल भरला तर चावी शांतपणे त्यांच्या हातात ठेवायची. तुमच्याकडे जड वाहनाचं लायसन्स आहे, घाटाचा सराव आहे. लिलाव झालेल्या खाणपट्ट्यांपैकी काही पुन्हा सुरू झाले आहेत आणि औद्योगिक वसाहतींमधल्या मोठ्या कंपन्या वजनाबाबत हल्ली काटेकोर असतात, दारातच काटा लावतात. पगार सुरुवातीला थोडा कमी असेल. नातं तुटेल ही भीती मी समजू शकते. काही काळ बोलणं बंद होईल, मामी निरोप पाठवतील, पुढच्या लग्नकार्यात परत बोलणं सुरू होईल. लायसन्स एकदा गेलं की ते लग्नकार्याला परत येत नाही.

तिसरा प्रश्न, प्रामाणिकपणे ही लाईन होते का. होते, पण त्याला तयारी लागते. कागदांची एक जाड फाईल करा, क्लीनरला डोळे मिटून काढता येईल अशा क्रमाने: आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, मग बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती), इन्व्हॉइस, ई-वे बिल, काट्याची पावती. डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधले कागद कायद्याने चालतात, पण गॅलरीतला फोटो चालत नाही. मोले गावाच्या पुढे जंगलात रेंज जाते, त्यामुळे छापील प्रती ठेवाच. वजन आरसीवर लिहिलेलं तेच धरायचं. २०१८ मध्ये केंद्राने एक्सलची मर्यादा वाढवली म्हणून तीन एक्सलवाल्या सगळ्याच गाड्यांना २८.५ टन चालतात, असं धाब्यावर कोणी सांगितलं तर ऐकू नका.

ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरमागे एक दिवस. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते, त्यामुळे फोन लगेच करा, सकाळची वाट बघू नका. गाडी बदलली तर नवा नंबर टाकल्याशिवाय हलू नका. जीएसटीच्या तपासणीत अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकवलं, तर ट्रान्सपोर्टरला ईडब्ल्यूबी-०४ हा फॉर्म ऑनलाइन भरून तशी नोंद करता येते. हे फार थोड्या मालकांना ठाऊक आहे. त्यांना सांगा. आणि बिल्टीवर नसलेली एकही वस्तू घेऊ नका. “एवढा बॉक्स कोल्हापूरला दे रे” म्हणून गोव्याची दारू चालकाच्या गळ्यात मारणारे ओळखीचेच असतात. पकडल्यावर बॉक्स चालकाचाच ठरतो आणि गाडीही जप्त होते.

हात दाखवला की गाडी डाव्या बाजूला पूर्ण आत घ्या, इंजिन बंद, हँडब्रेक, रात्र असेल तर केबिनचा दिवा लावा. समोरचा माणूसही रात्रभर उभा असतो, त्याच्यासाठी अंधारी केबिन म्हणजे भीतीच असते. खाली उतरून फाईल हातात द्या. तालांव करायचा म्हणाले तर “साहेब, कोणत्या कलमाखाली?” एवढं नम्रपणे विचारा आणि पावतीवर तेच लिहिलंय का बघा. कोऱ्या कागदावर सही नाही. तालांव मान्य नसेल तर तिथल्या तिथे पैसे भरलेच पाहिजेत असं नाही, न्यायालयात बाजू मांडता येते. लायसन्स घेतलं तर त्याची पोचपावती मागा, आणि तिच्यावर गाडी चालवता येते का, कोणत्या तारखेपर्यंत, ते तिथेच विचारून घ्या.

तुमची सुनावणी मात्र सगळ्यात आधी. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं, की ओव्हरलोड माल नेणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं. त्यामुळे सुटका होईलच असं मी म्हणत नाही. पण तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्यांना आदेश काढता येत नाही, आणि आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. बरेच चालक भीतीपोटी जातच नाहीत आणि कागद एकतर्फी पुढे सरकतो. तुम्ही जा. मामांना सोबत चला म्हणा. आले तर त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढेल. खोटं काही सांगू नका. माल कोणी भरला, भाडं कोणाचं, गेल्या किती वर्षांत अपघात नाही, घरी कोण कोण आहे, हे जसं आहे तसं सांगा.

तीन महिने गेलेच, तर त्या काळात “फक्त डिचोलीपर्यंत” म्हणूनही स्टिअरिंगला हात लावू नका. निलंबनात गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही आहे. त्या दिवसांत मामांच्या दुसऱ्या कामाला हात लावा, डोळे तपासून घ्या, वडिलोपार्जित कुळागर (सुपारी-नारळाची बाग) तुम्ही लिहिलंय तसं खरंच पडीक असेल तर त्याची डागडुजी करा.

सुनावणीला जाताना लोडिंगची चिठ्ठी, काट्याची पावती आणि तालांवाची प्रत घेऊन जा. लोडिंगच्या चिठ्ठीवर मामांची सही आहे का, ते आज रात्रीच बघून ठेवा, आणि असेल तर तिची झेरॉक्स काढून एक प्रत घरी वहिनींकडे द्या.